कढीलिंब कोणत्या रकान्यात

नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारी माझे पती ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले असताना वारले. मला फोन आला तेव्हा मी लायब्ररीत पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होते. हातातल्या पुस्तकाचा क्रमांक मी पूर्ण केला. मग उठले.

मुलगी ॲन आर्बरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला आणायला मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावाहून मी कशी पोचले ते आठवत नाही. रस्त्यालगतची झाडं तेवढी आठवतात. पानं गळून गेलेली, आणि इतकी स्तब्ध की मी नव्हे, तीच मला बघत जात आहेत असं वाटत होतं.

दीड वर्षानंतर, जूनमध्ये, ती मेडिकल स्कूलचा अर्ज भरायला घरी आली. कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय त्या अर्जात कुठल्या ना कुठल्या वर्गात घालायचा असतो. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांच्या गुणांची सरासरी वेगळी काढतात आणि आधी तीच बघतात. विषय कोणत्या विभागाने शिकवला हे धरायचं नाही, त्यात मुख्यतः काय शिकवलं ते धरायचं, असा नियम होता. मला तो लगेच पटला. पुस्तक कुठल्या कपाटात सापडलं यावरून आम्हीही त्याचा वर्ग ठरवत नाही.

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. दक्षिणेच्या खिडकीत यांचा कढीलिंब होता. दर ऑक्टोबरला ते कुंडी आत आणत आणि मे संपला की बाहेर ठेवत. त्या वर्षी ती बाहेर न्यायचं मला सुचलंच नव्हतं. दुपारी त्याची सावली टेबलावर सरकत यायची, विषयांच्या यादीवरून हळूहळू खाली उतरायची, आणि मी यादी सोडून त्या सावलीकडेच बघत राहायचे.

यादीत एकच विषय अडला. ‘वनस्पती आणि माणूस’. शिकवला मानववंशशास्त्र विभागाने. सत्र तेच, नोव्हेंबरचं. ग्रेड सी.

"सोशल सायन्स," मुलगी म्हणाली. "डन."

"त्यात शिकवलं काय?"

"आई, प्लीज. धिस इज नॉट युअर लायब्ररी."

"मी नुसतं विचारलं."

"तू नुसतं कधीच विचारत नाहीस."

तो सी विज्ञानात गेला असता तर सरासरी खाली आली असती, आणि तिच्या मनातलं मेडिकल कॉलेज बहुधा हातचं गेलं असतं. ते कॉलेज तिला मिळावं असं मलाही वाटत होतं. ज्यांचा मुलगा आदल्या वर्षी या सगळ्यातून गेला होता त्या शेजारच्या काकांनाही मी फोन करून विचारलं.

"अहो वहिनी, तुम्ही कशाला हरिश्चंद्र होताय?" ते म्हणाले. "विभागाचं नाव आहे ना? मग टाका तिकडे. कोण बघतंय!"

फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, "बघ, काका पण म्हणतायत." मग म्हणाली, "सिलॅबस बघू या का एकदा? माझ्याकडे नाहीये. बाबांना ईमेल केला होता. त्यांनी प्रिंट काढली असेल."

"ते सगळ्याच्याच प्रिंट काढायचे."

"जोक्सच्या पण," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

यांची ऑफिसची बॅग कोटांच्या कपाटात तळाशी होती. ऑफिसातून आली तशीच मी ती ठेवून दिली होती. मुलीनेच चेन उघडली. आत डबा, चष्म्याचं घर आणि एक फोल्डर. फोल्डरमध्ये सिलॅबस होता. पेशी, पानांचे छेद, वनस्पतींची कुळं, दर शुक्रवारी सूक्ष्मदर्शक. तो जीवशास्त्राचाच विषय होता.

सिलॅबसच्या खाली तिच्या निबंधाचा कच्चा खर्डा होता. विषय, आमच्या खिडकीतलं झाड. तेव्हा तिने तो यांना तपासायला पाठवला होता, आणि नंतर, सुतक संपायच्या आतच, जसाच्या तसा कॉलेजात देऊन टाकला होता. सी त्याच्यामुळेच मिळाला होता. पहिल्याच पानावर झाडाच्या शास्त्रीय नावाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं आणि समासात यांचं अक्षर. मुलगी देवनागरी बोट ठेवून वाचते, रविवारच्या मराठी शाळेत शिकली तशी.

"हा... क-डु-लिंब. आपला... क-ढी-लिंब." ती थांबली. "दोन वेगळे आहेत?"

तिने खिडकीतल्या झाडाचं वर्णन अगदी बारकाईने केलं होतं, आणि शास्त्रीय माहिती सगळी कडुलिंबाची दिली होती. फोनवर यांनी सांगितलेलं नाव तिने इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं असणार. त्या अक्षरांत दोन्ही नावांत जेमतेम एखाद्या अक्षराचा फरक उरतो.

खाली आणखी दोन ओळी होत्या. तिने त्याही वाचल्या, माझ्याकडे न बघता. "आपला संत्र्याच्या कुळातला. म्हणजे आईच्या नागपूरचा. फोन कर."

सावली तोवर टेबलावरून उतरून जमिनीवर गेली होती. मुलगी किती वेळ तशीच बसून होती कोण जाणे. मी चहा ठेवला, तो उकळून आटला, पुन्हा ठेवला.

"त्यांनी तपासला होता," ती म्हणाली. "मी वेट करायला हवं होतं."

"तुला कसं कळणार होतं?"

तिने लॅपटॉप ओढला, त्या विषयापुढची यादी उघडली आणि जीवशास्त्र निवडलं.

"नक्की?" मी विचारलं. त्या क्षणी ती नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं, हे मी इथे लिहून ठेवते.

"एकदा राँग लिहिलंय ना," ती म्हणाली. "बस झालं."

तिच्या मनातल्या कॉलेजने तिला घेतलं नाही. ओहायोतल्या एकाने घेतलं. तिचं पहिलं वर्ष आता संपलं आहे. बॅग ती वापरते. खर्डा फोल्डरमध्ये आहे. कढीलिंबाची कुंडी मी कालच बाहेर ठेवली.