टेम्पोच्या वायरीतल्या मुंग्या

टेम्पोचं दुखणं सापडलं तवा तिथं मी होते, माझा मुलगा होता, सून होती, धाकटे दीर होते आन अंबरनाथचा फिटर. बाकी कोण नाय. चामटोलीला आमच्याच अंगणात टेम्पो उभा होता.

टेम्पो जुना. आमची भाजी त्याच्यातनंच बदलापूरला, उल्हासनगरला बाजारात जाते, घरात दुसरं येणं नाय. तो चालता चालता मधीच बंद पडायला लागला. कधी शिरगावला, कधी पुलावर. भेंडी उन्हात सुकायची. मग मी आन सून पाट्या डोक्यावर घेऊन चालत सुटायचो. मान दुखायची. दुखते म्हणून भाजी थोडीच थांबते.

पुरुषमाणसं तेवढ्यात विचार करायची. दीर बोलले, "वहिनी, इंजिन खलास. भंगारात टाका. माझ्या ओळखीचा हाय एक." त्यांच्या ओळखीचा एक कायम असतोच. घर जळलं तर राख नेणारा पण ओळखीचा निघंल. मुलगा मान हलवायचा. त्याला मान हलवायला समोर कोण पण चालतं.

फिटर आला, टेम्पोला बिघाड सांगणारी मशीन जोडली आन बोलला, "मावशी, सेन्सर गेला." इंजिन फिरतंय हे सांगणारा बोटाएवढा तुकडा असतो म्हणे, तो गप्प बसला की डिझेल बंद. मुलानं उल्हासनगरवरनं नवा आणला, फिटरनं वरनंच हात घालून न बघता बसवला. टेम्पो पालेगावपर्यंत गेला आन तिथं पुन्हा मेला. मुलगा दुकानदाराला शिव्या घालत घरी आला, "डुप्लिकेट दिला साल्यानं!"

दीर खूष. "बोललो होतो ना वहिनी? भंगारवाला उद्या सकाळी येतोय."

मी फिटरला परत बोलावला. त्यानं परत तीच मशीन जोडली. "मावशी, मशीन तर सेन्सरच बोलतेय. ती खोटं नाय बोलत."

"तू वाकून बघितलंस का पण?"

"वाकून काय बघायचं? स्क्रीनवर येतं ना सगळं."

मग मीच वाकले, गुडघे धरून. सीट उचललेली होती, खाली इंजिन. एका वायरीवरनं लाल मुंग्यांची रांग चाललेली. मी बोलले, "ह्या कुठं निघाल्या रे? डिझेल प्यायला?"

सून फसकन हसली. फिटरनं रांग धरून सेन्सरचा प्लग ओढला. आत सगळा हिरवा गंज, चिकट राड, आन मुंग्याच मुंग्या.

"ह्याच्यात साखरेचं पाणी कोणी ओतलं?" फिटर बोलला.

सुनेनं दीरांकडं बघितलं. मी पण बघितलं. सगळी लोकं अमावस्येला चाकापुढं नारळ फोडतात. आमचे दीर सीट उचलून थेट इंजिनावर फोडायचे. गाडीचा जीव इंजिनात, मग देवाला चाक कशाला दाखवायचं, ही त्यांची अक्कल. ते नारळाचं गोड पाणी निथळून दर अमावस्येला प्लगात जात होतं.

"वहिनी, श्रद्धा हाय ती."

"श्रद्धा तुमची भावजी, पाटी माझ्या डोक्यावर."

फिटरनं प्लग कापून नवा जोडला, सेन्सरचं तोंड पुसलं. मुलाला दोन मुंग्या चावल्या, तो असा ओरडला जसा काय साप डसला. टेम्पो चालू झाला आन चालूच राहिला. फिटर जाता जाता बोलला, "पण मशीननं बरोबरच सांगितलं होतं हां, मावशी." मी बोलले, "तुझी मशीन हुशार हाय रे बाबा, तूच जरा तिच्याकडं शिकायला बस."

सकाळी भंगारवाला आला तवा टेम्पो भेंडी घेऊन उल्हासनगरला गेलेला. दीरांनी त्याला ओटीवर बसवून चहा पाजला. चहा मीच केला.

हे वाचत असाल तर एवढंच करा. जुनी गाडी भंगारात द्यायच्या आधी कोणाला तरी वाकायला लावा आन वायरीचा प्लग उघडून बघा.