शेवट बघून ये

हंगेरी देश कुठं आहे हे मला अजून नीट माहीत नाही. पण तिथला एक सिनेमा मी बघितलाय, भर दुपारी, आमच्या लातूरच्या घरात, भाचीच्या लॅपटॉपवर.

भाची नांदेडची. तिचा नवरा इथं लातूरला व्यसनमुक्ती केंद्रात होता. खोकल्याच्या औषधाची नशा, मग गोळ्या. शिरूर अनंतपाळला राहणाऱ्या त्याच्या आईला बिचारीला वाटायचं, पोराला खोकलाच आहे. अडुळशाचा काढा करकरून पाठवायची. आताही तो छातीच्या दवाखान्यात आहे, एवढंच तिला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी त्याला सोडणार होते. नांदेडला आपल्या घरी न्यायचं, की आईकडं धाडायचं, हे भाचीनं ठरवायचं होतं, आणि तिचं काही ठरत नव्हतं.

त्यानं फोनवर म्हटलं होतं, "तो सिनेमा बघ. मला अर्ध्यापुढं बघवला नाही. तू शेवट बघून ये." नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना दोघांना हे बाहेरदेशच्या सिनेमांचं वेड लागलं. प्रेमही तिथंच जमलं.

"मावशी, एकटीची हिंमत होईना. तू बस जवळ."

बसले. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, भाची मराठीत सांगायची. सगळं राखाडी, जेवणसुद्धा. एक पोरगा सुया टोचून घेणारा, एक पोरगी त्याच्यावर जीव टाकणारी. ती त्याला कोंडते, तो पळतो. ती मारते, मग तीच त्याचं डोकं मांडीवर घेते.

"अगं, ही त्याला हाकलून का देत न्हाई?"

"प्रेम आहे ना, मावशी."

"मग त्यो ते का सोडत न्हाई?"

"त्याचंही प्रेम आहे."

"दोघांचंबी हाय, मग अडलंय कुठं?"

भाची हसली, आणि एकदम सांगायचीच थांबली. पडद्यावर ती पोरगी बोलतच होती, लई वेळ. काय बोलली ते मला आजवर ठाऊक नाही.

शेवटी ती एका थांब्यावर उभी. रस्त्यावरून चालणारी छोटी रेल्वे आली, गेली. अंधार. संपलं.

"चढली का गं ती?"

"चढली. थांबा रिकामा होता की."

"कुठं रिकामा? मला तिचा कोट दिसला."

"तो खांब होता, मावशी."

"मागं घे, परत बघू."

तिनं लॅपटॉपच मिटला. "राहू दे. चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी जावई बाहेर आला. वाळलेला, खांद्याला बॅग. पहिला सवाल, "शेवट काय झाला?"

"मावशीला विचार."

मी काय सांगणार कपाळ! "बाबा, कोण कुणाला धरून होतं, तेच मला कळलं न्हाई." तो हसला, हसता हसता ठसका लागला, आणि भाचीनं चटकन त्याच्या तोंडाकडं बघितलं.

स्टँडवर शिरूरची गाडी लागलेली, नांदेडचीही लागलेली. तो मधोमध उभा. हळूच म्हणाला, "मी कुठल्या गाडीत बसू?"

 भाचीनं त्याच्या खांद्यावरची बॅग ओढली आणि नांदेडच्या गाडीच्या खिडकीतून आत टाकली, लोक जागा धरायला रुमाल टाकतात तशी. मग त्याच्यावरच खेकसली, "बघत काय राहिलास? जागा जाईल!"

तो गर्दीत घुसला, मागून ही. मी खिडकीखाली. बघते तर भाची बॅगेचा एकेक कप्पा उघडून आत हात घालून चाचपतेय, आणि तो मुकाट बाहेर बघतोय. मग तिनं चेन लावली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. गाडी हलली.

मी विहीणबाईंना फोन लावला. "पोरगा नांदेडला गेला. आता काढा पाठवू नका."

"अगं बाई! गेला का खोकला?"

मी गाडी गेली त्या रस्त्याकडं बघितलं.

"बघू," म्हटलं.