दोन चुलींवरची डाळ

सत्तरच्या दशकात मी विधिमंडळात लघुलेखक होतो. नागपूरच्या अधिवेशनात एकदा आमदारांची समिती शहराबाहेर बेसा गावाच्या पलीकडच्या एका खेड्यात सरकारने बसवून दिलेला हातपंप तपासायला गेली. मीही वही घेऊन मागोमाग गेलो.

पंप झकास चालत होता. आमदार ओंजळीने पाणी प्यायले, इंजिनिअरने शुद्धतेचा दाखला वाचला, मी लिहून घेतला. तेवढ्यात घागर घेतलेली एक म्हातारी पंपापाशी थबकली. तिने ते पाणी बोटांवर अंगठ्याने चोळलं, लुगड्याचा पोत बघावा तसं, आणि घागर रिकामीच घेऊन ती विहिरीकडे वळली.

मला राहवलं नाही. "मावशी, हे पाणी काहून नाही नेत?"

"पिऊन पाह्यलं तुमी साऱ्यायनं. शिजवून कोनी पाह्यलं का गा?"

समितीचे अध्यक्ष हसले. पण तिच्या ओसरीत जाऊन बसले. तिने दोन चुली पेटवल्या. एकीवर विहिरीचं पाणी ठेवलं, दुसरीवर पंपाचं, आणि दोन्हींत मूठमूठ तुरीची डाळ टाकली. मग ती अशी टक लावून बसली की आम्हीही घड्याळं विसरलो. विहिरीच्या पाण्यातली डाळ मऊ शिजली. पंपाच्या पाण्यातली दाणा दाणाच राहिली. इंजिनिअरच्या फायलीत डाळीचा रकाना नव्हता.

"पानी शुद्धच असंन, साहेब," म्हणत तिने ती डाळ अध्यक्षांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती तोंडात टाकली आणि मला म्हणाले, "लिहून घ्या."

काय लिहू, हे मी विचारलं नाही. त्यांच्या दाढेखालचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता.