ट्यूबा ठणठणीत होता

आमच्या बेटावर कुणाला धाप लागली तर तो दवाखान्यात जातो. सेमिसीला धाप लागली तेव्हा त्याने ट्यूबा खोलला.

सेमिसी आमच्या चर्चच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवतो, म्हणजे ते सगळ्यांत मोठं, पोटाशी धरायचं पितळी धूड. बँडमधली सगळी वाद्यं दुरुस्तही तोच करतो. त्याच्या परसात कपडे धुण्याचा एक टब आहे. वाद्य त्यात बुडवायचं, एका टोकाने फुंकायचं आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. गळती सापडली की या माणसाचा चेहरा असा उजळतो की नुकताच बाप झालाय असं वाटावं. देहाचं म्हणाल, तर चर्चमध्ये तिघांच्या बाकावर तो एकटा बसतो आणि दुसरं कुणी आलं तर त्यानेच सांभाळून घ्यावं अशी त्याची अपेक्षा असते.

फेब्रुवारीपासून त्याचा लांब सूर मधेच तुटायला लागला. चार मात्रांचा सूर अडीच मात्रांतच मान टाकायचा.

"ट्यूबा गळतोय," सेमिसी म्हणाला. "म्हातारा झालाय बिचारा."

त्याने तो तीनदा बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. तरी मेण चोळलं, डाग दिले, नळ्या बदलल्या. दरम्यान तो चर्चचा छोटासा चढ चढताना दोनदा थांबू लागला. का थांबलास विचारलं तर म्हणायचा, "समुद्र बघतोय." गेली अठ्ठेचाळीस वर्षं तोच समुद्र तिथेच आहे. संध्याकाळपर्यंत घोटे एवढे सुजायचे की चपलेचे पट्टे मांसात रुतून बसायचे.

शेवटी त्याची बायको आकानेसी शाळेत माझ्याकडे आली. मी बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटी तुतारी, वाजवतो, पण ती मास्तरांकडे म्हणून आली होती.

"मास्तर, हे खुर्चीत बसून झोपतात. आडवं झालं की म्हणतात, छातीत भरतीचं पाणी चढतं. आणि तरी म्हणे ट्यूबा बिघडलाय! चला तुम्ही."

गेलो. सेमिसी चौथ्यांदा टब भरत होता. आकानेसीने वाद्य हिसकावून घेतलं, म्हणाली, "आणा इकडे तुमचं मेलं गळकं!" आणि वीस वर्षांचा राग एका श्वासात आत सोडला. असा सूर मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. डुकरं कुंपण मोडून पळाली. पलीकडच्या घरातले आजोबा जहाज आलं समजून धक्क्याकडे निघाले.

ट्यूबा ठणठणीत होता.

सेमिसी टबाच्या काठावर बसला. "मग गळतंय कुठे?" त्याने हळूच विचारलं. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दवाखाना त्याच्या दारापासून पन्नास पावलांवर. पण तिथली नर्स तोआकासे त्याच्या काकांची मुलगी. आमच्याकडे चुलतबहीण म्हणजे बहीणच, आणि वाढत्या वयापासून भाऊ-बहीण एका खोलीत रेंगाळतसुद्धा नाहीत. तिच्यासमोर सदरा काढायचा आणि तिने छातीला हात लावायचा? त्यापेक्षा सेमिसीने मरण पत्करलं असतं. नेमकं तेच तो करत होता. "ऑगस्टमध्ये डॉक्टर येतील तेव्हा दाखवीन," म्हणायचा. तेव्हा मे चालू होता.

मी सरळ सेमिसीच्या विका आत्याकडे गेलो. बापाच्या बहिणीच्या शब्दापुढे आमच्या घरांत शब्द नसतो. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वजनाने कोंबडीएवढी, आणि तिच्यासमोर हा बैल जमिनीवर मांडी घालून बसतो.

"सेम्या," आत्या म्हणाली, "मला पुरायला तू हवास. मी तुला पुरायचं, हा उलटा धंदा मला जमणार नाही."

"पण आत्या, तोआकासे..."

"तिला तुझी छाती कुठे बघायचीय? ऐकायचीय. ऐकायला डोळे कशाला लागतात?"

एवढ्या प्रश्नासरशी सेमिसीतला दुरुस्तीवाला जागा झाला. दवाखान्यातला जुना स्टेथोस्कोप मागवला, नळी मधोमध कापली, होडीच्या इंजिनाची कोरी रबरी नळी चार फूट जोडली, सांध्याला मेण लावलं आणि टबात बुडवून फुंकलं. "बघा, एक बुडबुडा नाही!" म्हणाला आणि नंतर पाच मिनिटं धापा टाकत बसला.

दुसऱ्या दिवशी सेमिसी दवाखान्याच्या आत उघडा बसला. खिडकीवर झाडाच्या सालीचं रंगवलेलं मोठं कापड टांगलं होतं. बाहेर फणसाच्या झाडाखाली बाकावर तोआकासे कानात नळ्या घालून समुद्राकडे तोंड करून बसली. मी आत त्याच्या छातीवर नळीच्या टोकाची चकती धरून उभा.

"मास्तर, डावीकडे. आणखी खाली. त्यांना म्हणावं, श्वास रोखा."

"सेमिसी, श्वास रोख."

"ऐकलं मी. बहिरा नाहीये."

"मास्तर, त्यांना म्हणावं, बोलू नका."

मग ती ऐकत राहिली. कापडाच्या फटीतून मला तिचा चेहरा अर्धा दिसत होता. ही मुलगी माझ्याकडे गणित शिकली. उत्तर चुकतंय हे कळल्यावर तिचा चेहरा कसा होतो, मला ठाऊक आहे. माझ्या बोटांखाली त्याचं हृदय पळत होतं, अडखळत होतं, पुन्हा पळत होतं. बँडमास्तर दिसेनासा झाल्यावर आमचा बँड पळतो, अगदी तसं.

"मास्तर," ती समुद्राला सांगू लागली, "हृदयाच्या उजव्या दोन खोल्या वापरलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतात. तिथे त्यात हवा मिसळते. मग ते डावीकडच्या वरच्या खोलीत येतं, तिथून खालच्या, आणि खालची खोली आवळून ते सगळ्या अंगात पाठवते. या दोन खोल्यांमध्ये दार असतं. खालची आवळली की दार गच्च मिटायला हवं. मला 'ठप्प' ऐकू यायला हवं. 'फुस्स' येतंय."

मी निरोप द्यायच्या आधीच आतून आवाज आला, "मास्तर, विचारा, रक्त उलटं जातं का?"

"उलटं जातं. वरच्या खोलीत, तिथून मागे फुप्फुसांत तुंबतं. फुप्फुसं ओली होतात, म्हणून धाप, म्हणून आडवं झोपवत नाही. लहानपणी गुडघे सुजून ताप आला होता का, विचारा. त्या तापानेच हे दार बिघडतं."

"दहाव्या वर्षी," सेमिसी म्हणाला. "दर महिन्याला एक सुई घ्यायची होती. शनिवारी. शनिवारी बँडची तालीम असायची."

पायरीवर बसलेल्या आत्याचा पंखा थांबला.

"ऑगस्ट नाही," तोआकासे म्हणाली. "गुरुवारची बोट. राजधानीच्या इस्पितळात बाहेरचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर येतायत, मी आजच फोन करते. ट्यूबा बंद. त्यांना म्हणावं..." इथे तिचा आवाज फाटला. "दादा, जा."

तिने माझ्यामार्फत बोलायचं सोडलं हे तिलाही कळलं असावं. ती नळ्या काढून उठून गेली.

सेमिसी सदऱ्याची बटणं चुकीच्या भोकांत घालत होता. "गळतीच आहे ना?" तो म्हणाला. "गळतीचं काही नाही. चेपलेलं अवघड असतं." मी मान हलवली.

गुरुवारी धक्क्यावर बँड वाजला, पण खाली ट्यूबाचा आधारच नव्हता. आम्ही सगळे हवेत लटकल्यासारखे वाजवत होतो. बोटीवर आत्या आणि आकानेसीच्या मधे बसलेला सेमिसी त्याच्या सुरांच्या जागी नुसते गाल फुगवत होता, आणि दर वेळी आत्या त्याच्या गुडघ्यावर पंखा मारत होती. तोआकासे रीतीप्रमाणे लांब, डिझेलच्या पिंपांपाशी उभी. बोटीकडे बघत नव्हती. हातात ती लांब नळी मात्र गुंडाळलेली होती.

आज दुपारी आकानेसीचा फोन आला. शस्त्रक्रिया उद्या सकाळी आठला. छाती उघडणार, हृदय थांबवणार, दार शिवणार, मग पुन्हा चालू करणार. 'पुन्हा चालू करणार' हे तिने दोनदा सांगितलं.

"आणि मास्तर, ह्यांनी डॉक्टरांना काय विचारलं माहितीये? शिवल्यावर पाण्याने तपासणार का! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर डॉक्टर म्हणाले, हो, तसंच करतो, खोलीत पाणी भरून बघतो गळतंय का. तेव्हापासून स्वारी निर्धास्त आहे."

मी निर्धास्त नाही. हे सगळं तोआकासेला सांगायला दवाखान्यात गेलो. तिने ऐकून घेतलं, तीच ती पट्टी तीनदा गुंडाळली आणि विचारलं, "मास्तर, उद्या आठला तुम्ही कुठे असाल?"

"शाळेत."

"नका जाऊ शाळेत. फणसाखालच्या बाकावर येऊन बसा."