गाठोड्यापाशी एक मोठं माणूस

सोलापुरात आमच्या भवानी पेठेत कुणाला परदेशी जायचं झालं, की तो पासपोर्टाच्या कचेरीआधी महिपतीमामांकडे येतो. असे लोक रोज येतात असं नाही. गेल्या वर्षभरात तिघं आले. मामा मात्र 'लोकं सारखी येत्यात' असं सांगतात. आलेल्याला ते चहा पाजतात आणि खिळ्याला अडकवलेला एक फुलस्केप कागद काढून समोर ठेवतात. कागदावर मथळा आहे, 'जत्रेला जाताना'. माणूस गोंधळतो.

"मामा, मला मुलाकडं लंडनला जायचंय."

"तेच की. वाचा."

कागद माझ्या अक्षरात आहे, म्हणून त्याची हकीकत मला ठाऊक.

मामा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात हजेरी कारकून होते. दर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला ते रेल्वे क्वार्टरांतली चौदा-पंधरा माणसं घेऊन सकाळच्या पॅसेंजरने सोलापूरला येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. मधल्या आठ तासांत सिद्धेश्वराचं दर्शन, जेवण, पाळणा, मौत का कुआँ, खरेदी सगळं उरकायचं, आणि जेवढी नेली तेवढी माणसं परत आणायची. तीस वर्षांत एकच हरवलं, तेही पोर नव्हे, धोंडीराम फिटर. त्या साली भेटायची जागा ठरली होती उसाच्या रसाचा गाडा. दुपारी गाडेवाल्याने गाडा सावलीला नेला आणि प्रामाणिक धोंडीराम गाड्यामागून गेले. तेव्हापासून कलम झालं: भेटायची जागा हलती नसावी.

अशी एकेक कलमं अनुभवातून आलेली. जेवून मगच आत शिरायचं, आत गेल्यावर भूक महाग पडते. शिरल्यावर दाराशी रेंगाळायचं नाही. "जत्रंत माणूस पयल्याच दुकानाला चिकटतंय," मामा म्हणतात. "आपण सरळ मागच्या टोकाला जायचं आन् उलटं यायचं." खेळणी शेवटी घ्यायची, नाहीतर दिवसभर फुगा सांभाळत बसावं लागतं. सगळ्यांना एकाच ताग्यातलं कापड शिवायचं, म्हणजे गर्दीत आपलं माणूस लांबून ओळखू येतं. आणि सहावं कलम: गाठोड्यापाशी एक मोठं माणूस.

पाळण्यातून चपला खाली पडतात, म्हणून त्या काढून ठेवायच्या. तीस चपला, पाण्याची कळशी, भाकरीचं फडकं आणि स्वेटर एवढं सगळं मैदानाच्या एका कडेला मांडलं, की त्यापाशी ते मोठं माणूस बसायचं. तीस वर्षं ते मोठं माणूस म्हणजे मथुरामामी.

सेवानिवृत्त झाल्यावर मामा भवानी पेठेत राहायला आले. मी सांगोल्याहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे आलो. त्यांचा मुलगा सिद्धनाथ इंजिनियर होऊन अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला होता. सत्त्याहत्तर साली त्याचं पत्र आलं: तुम्ही दोघं उन्हाळ्यात तीन महिने या. इथे मुलांची एक प्रचंड बाग आहे, त्यात पाळणे आहेत, होड्या आहेत, आगगाडी आहे. एका दिवसात बघून होत नाही. तुमच्या नातीला ती आजी-आजोबांबरोबर बघायची आहे.

नातीचं पाळण्यातलं नाव खूप आधुनिक होतं. मामांनी ते एकदाच ऐकून घेतलं आणि आपल्या आईच्या नावाने तिला गोजर म्हणायला लागले. पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हंजे गड्डाच की," ते म्हणाले. "घे रं कागद."

मी कलमं उतरून घेत होतो. मामी शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. सहाव्या कलमाशी मला उगीचच विचारावंसं वाटलं.

"मामा, मग मामी पाळण्यात कधी बसायच्या?"

"तिला चक्कर येती."

"अवं," मामी मान वर न करता म्हणाल्या, "मी कदी बसलेच न्हाय. चक्कर येती हे तुमाला कुणी सांगितलं?"

मामांनी चष्मा पुसला. "सातवं कलम लिही," ते मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामा नाहीत असं बघून मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तितं पाळणा आसंल का रं खरंच?"

"पत्रात तर लिहिलंय."

"वरनं तळं दिसतंय म्हंत्यात, देऊळ दिसतंय, पार गिरणीची चिमणी दिसती. तीस वर्षं ऐकतीया. परतीच्या गाडीत समदी तेच बोलायची आन् मी आपली कुणाची चप्पल कुणाला ते बगायची." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "ह्या खेपंला मी बसणार. तू बोलू नगंस."

मी बोललो नाही. मामींनी महिनाभर कडक भाकरी केल्या, शेंगांची चटणी कुटली. मामांनी गिरणीच्या दुकानातून नारिंगी चौकड्यांचं कापड आणलं, माप मागवून मुलाचा, सुनेचा आणि नातीचा सदरा शिवून घेतला, स्वतःचाही घेतला. मामींना त्यातलं चोळीला आणि वर एक रुमाल. विमानात फार वजन चालत नाही, म्हणून मामांनी सगळं सामान स्टेशनच्या पार्सल काट्यावर तीनदा तोलून घेतलं. पार्सल कारकून ओळखीचा होता. तिसऱ्या वेळी त्याने फक्त वर बघितलं.

पुढचं अर्धं मामांनी सांगितलेलं आहे आणि अर्धं मामींनी. दोघांचं एका ठिकाणापर्यंत जुळतं.

बागेत जायच्या दिवशी मामांनी घर साडेचारला उठवलं. सिद्धनाथ म्हणाला, "आबा, इथं लोक दहा वाजता निघतात."

"म्हनून तर."

फाटकाशी पोचले तेव्हा तिथे एक पहारेकरी होता आणि काही कबुतरं. घरचं खाणं आत नेता येत नाही, असं सिद्धनाथने ओशाळून सांगितलं. मामा म्हणाले, हे तर पहिलंच कलम आहे. बाहेरच्या बाकावर पाचही जणांनी कडक भाकरी मोडून खाल्ली. नारिंगी चौकड्यांत बसलेली सून आधी येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाठ करून जेवत होती. मग एका बाईने थांबून हे कापड कुठे मिळतं म्हणून विचारलं, तेव्हा तिने तोंड वळवलं.

आत जाताना प्रत्येकाला तिकिटांचं एकेक पुस्तक मिळालं. मोठ्या खेळाला मोठं तिकीट, धाकट्या खेळाला धाकटं. मामांनी फाटकातल्या नकाशावर बोट ठेवून मोठ्या घड्याळाखालचं बाक नक्की केलं. घड्याळ बांधकामात पक्कं बसवलेलं होतं, हे त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. मग स्वेटर, थर्मास, गोजरचे जादा कपडे आणि चपलांची रिकामी पिशवी असं गाठोडं बाकावर ठेवलं, आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "तू बस हितं. आमी आलोच."

मामी बसल्या. विमानात ठरवलेलं सगळं जिभेवर होतं, पण गोजर हात ओढत होती, आणि तोंडातून आलं ते 'जावा, जावा'.

मामांची योजना तिकडेही बिनचूक चालली. सगळी गर्दी दाराशी चिकटली, हे मागच्या टोकाला गेले. मोठी तिकिटं सकाळीच वापरली. लोकांना तासभर रांग लागते ते खेळ यांनी चालत चालत केले. दुपारपर्यंत सात खेळ झाले. सिद्धनाथ म्हणाला, "आबा, मी सहा वर्षं इथं राहतोय, मला हे सुचलं नाही." हे वाक्य मामा आजही पाहुण्यांना दोनदा ऐकवतात. इथपर्यंत हकीकत जुळते.

घड्याळाखाली मामी मात्र आपलं तिकिटांचं पुस्तक उघडून मिटत बसल्या होत्या. त्यातलं एकही पान फाटलं नव्हतं. शेजारी एक गोऱ्या म्हातारबाई येऊन बसल्या. त्यांच्या पायाशी चार पिशव्या, मांडीवर दोन पोरांचे कोट. त्यांनी मामींच्या गाठोड्याकडे बघितलं, मामींनी त्यांच्या पिशव्यांकडे.

"मला काय विंग्रजी येतंय," मामी सांगतात. "पर कळलंच की. तीबी गाठोड्यापाशीच बसलेली."

डोक्यावरून तार जात होती आणि तारेवरून पाळण्याच्या टोपल्या या टोकाकडून त्या टोकाला सरकत होत्या. म्हातारबाईंनी वर बोट केलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं, मग पिशव्यांवर. मामींनी मान हलवली. बाई जाऊन एक फेरी मारून आल्या, गाल लाल झालेले. त्यांनी पिशव्या मोजल्यासुद्धा नाहीत. बाकावर बसल्या आणि मामींच्या गाठोड्यावर हात ठेवून त्यांना 'जा' अशी खूण केली.

"मग गड्ड्यात का नाही केलंत असं?" मी विचारलं होतं.

"तितं समदी वळखीची. म्हातारपणी मथुरा पाळन्यात बसली म्हनून पार कुर्डुवाडीपतुर गेलं आसतं. हितं मला कोन वळखतंय?"

मामा परत आले तर बाकावर गाठोडं होतं, गाठोड्यावर एक गोरा हात होता आणि मामी नव्हत्या. त्यांच्या कागदात या प्रसंगाला कलमच नव्हतं. हरवलेल्या माणसाने भेटायच्या जागी यावं, पण भेटायची जागा तर हीच होती. मामांनी रेल्वेतलं सगळं इंग्रजी गोळा करून बाईंना विचारलं, "लेडी? माय लेडी?" बाईंनी हसून वर बोट दाखवलं. आपली बायको स्वर्गात असल्याचं ही बाई इतक्या आनंदाने का सांगते, ते मामांना कळेना.

"आजी," गोजर म्हणाली.

वरून एक टोपली येत होती आणि तिच्या कठड्याला नारिंगी चौकड्यांचा रुमाल बांधलेला होता. लांबून ओळखू येतं ते खरंच. मामी दोन्ही हातांनी दांडी धरून ताठ बसल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला. मामांच्या बरोबर डोक्यावर आल्या तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

"बसा तितंच," त्या वरून म्हणाल्या. "गाठोड्यापाशी. मी आनि एक फेरी मारून येती."

सिद्धनाथ सांगतो, आबा बसले. म्हातारबाईंनी थोडं सरकून जागा दिली. मामी तीन फेऱ्या मारून आल्या, तोवर दोघांनी मिळून चार पिशव्या आणि एक गाठोडं सांभाळलं. चक्कर आली का, असं मामांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर मामांनी कागद खिळ्यावरून काढला, सहाव्या कलमापुढे स्वतःच्या हाताने 'पाळीपाळीने' असं लिहिलं आणि परत अडकवला. पेठेतल्या माणसांना ते सांगतात की ही दुरुस्ती परदेशातल्या पद्धतीचा अभ्यास करून केलेली आहे.

यंदा गड्ड्याला आम्ही तिघं गेलो. आधी जेवलो, मग मागच्या टोकाला गेलो. पाळण्याशी मामांनी चपला काढून घेतल्या आणि कडेला मांडी घालून बसले. मामी आणि मी पाळण्यात. वर गेल्यावर पाळणा थांबला. मामींनी सावकाश सगळीकडे बघून घेतलं. तळं, देऊळ, चिमणी. मग खाली, तीन जोडांपाशी बसलेले मामा.

"एवडंच व्हय," त्या म्हणाल्या. "आन् ही मानसं तीस वर्षं सांगत्यात."

मी हसलो. पाळणा हलला, आम्ही खाली येऊ लागलो. अर्ध्यावर आलो तेव्हा मामींनी माझ्या दंडाला धरलं.

"त्या पाळनेवाल्याला म्हनावं, आनि एक फेरी. आन् मामांना सांग, उठू नगा."