संस्था गेल्यानंतरचे मंगळवार

नवेगाव बांधच्या आसपासच्या गावांतली पोरं कामासाठी हैदराबादला, नागपूरला जातात आणि घरी म्हातारी माणसं उरतात. त्या म्हाताऱ्यांसाठी आमच्या गावात एक संस्था काम करायची. घरी जाऊन विचारपूस करायची, रक्तदाब बघायचा, गोळ्या संपल्या तर आणून द्यायच्या. मी गावातलीच सून, बारावी शिकलेली. संस्थेनं मला कामावर घेतलं, निळा कोट दिला आणि गळ्यात घालायला ओळखपत्र दिलं.

दर मंगळवारी मी तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधालगत, राहणाऱ्या एका बुढ्याकडे जायचे. उमेदीत तो मासे धरायचा, आता गुडघेदुखीनं त्याला धरलं होतं. बायको वारलेली, मुलगा हैदराबादला मिस्त्रीकामावर. मी दारात दिसले की तो ओरडायचा, "आली का संस्था?" माझं नाव त्यानं कधी घेतलंच नाही. मुलगाही फोनवर म्हणायचा, "ताई, तुमच्या भरोशावर बाबाले ठेवलं आहे."

मग एक दिवस नागपूरहून साहेब आले. समाजमंदिरात सभा झाली. प्रकल्पाची मुदत संपली, आता गावच आपल्या म्हाताऱ्यांची काळजी घेईल, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कशासाठी ते मला आजही सांगता यायचं नाही. चहा-चिवडा झाला आणि मी कोट, रक्तदाबाचं मशीन, ओळखपत्र सगळं परत केलं.

पुढच्या मंगळवारी मी सवयीनंच बुढ्याकडे निघाले. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं.

"मशीन नाही आणली?"

"संस्था बंद झाली, बाबाजी."

"मंग तुहा पगार?"

"तोही बंद."

"मंग तू कायले येऊन रायली?"

"अशीच आली."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अशी कोणी येत नाही, बाई," म्हणाला आणि पाणीही न विचारता आत गेला.

दोन दिवसांनी त्याच्या मुलाचा फोन आला. "ताई, संस्था तर बंद झाली म्हणते ना? मंग बाबाकडे तुमचं काय काम? घर-वावर आमच्या बहीण-भावाचं आहे, आताच सांगून ठेवतो."

मी फोन ठेवला. पगार घेऊन जात होते तेव्हा माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता आणि फुकट गेले तर मी चोर? मग तो विश्वास कोणावर होता, माझ्यावर की त्या निळ्या कोटावर? आणि मी तरी इतकी वर्षं पगारासाठीच जात होते का? तसं असेल तर मग एवढं लागलं कशाला? नवरा अंगणात कुंपण बांधत होता. त्याला सगळं सांगितलं.

"लोकाइचं सोड," तो म्हणाला. "तुले जावंसं वाटते का?"

"तेच तर समजून नाही रायलं."

मी जाणं बंद केलं. मंगळवार आला की उगाच घर सारवायला काढायचे.

मग एका सकाळी बुढ्याची शेजारीण धावत आली. त्याला ताप भरला होता, कालपासून पोटात अन्न नव्हतं. मी विचार करत बसले नाही. ऑटो बोलावला आणि शेजारणीच्या मदतीनं त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण यांच्या? मुलगी का?"

मुलगी नाही, सून नाही, नात्यातली नाही, संस्थेची तर आता नाहीच. तेवढ्यात बाकावरून, डोळे मिटलेलेच, बुढा बोलला, "संस्था होय ते माही."

नर्स हसली. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

मलेरिया निघाला. सलाईन लागलं, गोळ्या दिल्या, आठवडाभरात तो उठून बसायला लागला. मुलाचा फोन आला, "ताई, तुम्ही होत्या म्हणून बाबा वाचला." आवाज तोच होता. मी फक्त हो म्हटलं. आधीचं बोलणं खरं धरायचं की हे, मला ठरवता येईना.

आता मी जाते. दर मंगळवारीच जाते असं नाही. परवा गेले तेव्हा त्यानं उकडलेल्या शिंगाड्यांचं भगुनं पुढे सरकवलं. संस्थेत असताना कोणाच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा कडक नियम होता. मी नको म्हटलं.

"आता काऊन नाही खात?" तो चिडला. "कोण पाहून रायलं तुले?"

खरंच, कोण बघत होतं? मी पाळीकडे तोंड करून बसले आणि शिंगाडे सोलून खाल्ले. गोड होते. उरलेले त्यानं माझ्या ओटीत टाकले. घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "हे कोणी दिलं?" बुढ्यानं दिलं, एवढंच सांगितलं. "कायचे? कामाचे का?" असं त्यानं पुढे विचारलं, तेव्हा मी शिंगाडे ताटात ओतले आणि चुलीकडे वळले.