वळण सांगणारे शेजारी

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ युरोपच्या सहलीत आमच्याबरोबर होते. त्यांना बस लागायची. शर्टाच्या आत पोटावर घरून आणलेलं वर्तमानपत्र, गालात आवळासुपारी आणि बसमधली पहिली सीट, असा त्यांचा बंदोबस्त असे. सीट रोज बदलायची हा सहलीचा नियम, पण डॉक्टरची चिठ्ठी दाखवून त्यांनी पहिली सीट नऊही दिवसांसाठी मागून घेतली होती. "वळण आधी कळलं, की पोट तयारीत राहतं," असं म्हणत ते येणारं प्रत्येक वळण मोठ्यानं सांगत. एका घाटात मी अडतीस मोजली.

पाचव्या दिवशी आम्ही शेवटच्या रांगेत होतो. माझ्या बायकोला तीनदा उलटी झाली. "उद्या तुम्ही बर्फ बघून या, मी हॉटेलातच थांबते," ती म्हणाली. बर्फासाठीच तर ती आली होती.

सकाळी नाश्त्याच्या वेळी हे गृहस्थ आमच्या टेबलाशी आले. "वहिनी, पुढं बसा तुमी. मला आता सवय झालीय." पोटावरचं वर्तमानपत्रही त्यांनी काढून तिला दिलं. एरवी चमचासुद्धा पुसून घेणाऱ्या बायकोनं ते मुकाट्यानं घेतलं.

घाट सुरू झाला. मागे माझ्या शेजारी तिच्या जागेवर बसून त्यांना रस्ता दिसत नव्हता, म्हणून बायकोच पुढून ओरडून सांगू लागली, "भाऊ, डावीकडे वळण."

"कळलं, वहिनी."

अकरा वळणांपर्यंत ते उत्तर देत होते. बाराव्याला मी त्यांच्यापुढे उलटीची पिशवी धरली आणि त्यांच्या वतीनं मोठ्यानं म्हणालो, "कळलं."